दोन मिनिटांचं तर काम आहे!

"तुझं बरं आहे गं ताई. दिवसभर चित्रं काढायची आणि त्यालाच डिग्री म्हणायचं!"

हे थोर वाक्य माझंच. माझी मावसबहीण उपयोजित कला, म्हणजे अप्लाइड आर्ट शिकते. आता तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्याहून वर्षाने मोठी, म्हणून ताई. २०२४ च्या दिवाळीत मी तिला हे ऐकवलं तेव्हा घरातले सगळे हसले, तीसुद्धा हसली. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत माझंच हसं झालं. मित्रांनो, ती गोष्ट येईलच, पण आधी तिच्या सबमिशनविषयी.

आपल्याला वाटतं, सबमिशनच्या रात्री जागणारे जगात आपणच. तिच्याकडेही शीट्स असतात, जागरणं असतात, सही न देणारे सर असतात. फरक एकच, तिथे जीटी मारता येत नाही! आपण शीटखाली काच आणि काचेखाली बल्ब लावून मोकळे होतो. (ड्रॉइंगच्या सरांनी हे वाक्य सोडून पुढे वाचावं.) तिला एका लोगोसाठी चाळीस कच्ची चित्रं काढावी लागतात आणि त्यातली एकोणचाळीस का टाकली, हे सगळ्या वर्गासमोर सांगावं लागतं. पहिल्या वर्षी तर कॉम्प्युटर बाजूलाच. कटनिबने देवनागरी अक्षरं गिरवायची. काना किती जाड, शिरोरेषा कुठे तुटते, जोडाक्षरात कोण अर्धं होतं, हे हाताला कळेपर्यंत. मी पडलो कॉन्व्हेंटचा. मराठी घरात बोलतो, पण वाचताना जोडाक्षरापाशी अजून अडखळतो. त्यामुळे हा सगळा उद्योग मला निव्वळ टाइमपास वाटायचा.

दुसऱ्या वर्षी तिला पहिलं बाहेरचं काम मिळालं. शेजारच्या काकू घरगुती मसाले विकतात, त्यांच्या पाकिटांचा स्टिकर. मला वाटलं, मिरचीचं चित्र काढलं की झालं. पण तेवढ्याशा जागेत नाव, वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, १४ आकडी एफएसएसएआय नंबर आणि शाकाहाराचा चौकटीतला हिरवा ठिपका, एवढं बसवायचं होतं. वर काकूंचं म्हणणं, "नाव जरा मोठं कर ना!" नाव मोठं झालं, वर सरकलं आणि स्टिकर छापून आले. पाकिटाचं तोंड ज्या पट्टीत सील होतं, ती पट्टी ताईने हिशेबात धरलीच नव्हती. मशीनने 'गोडा मसाला'चे काने-मात्रे दाबून सपाट केले! पाचशे स्टिकर वाया. काकू काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्यांदा छापायचा खर्च ताईने स्वतः भरला. तेव्हापासून ती डिझाइनला हात लावण्याआधी वस्तू हातात घेऊन पट्टीने मोजते.

दुसरा अनुभव कडू. एका क्लासवाल्यांनी सांगितलं, "तीन-चार सॅम्पल पाठव, आवडलं तर बघू." तिने पाठवली. उत्तर नाही, फोन नाही. महिन्याभराने त्यातलंच एक डिझाइन रस्त्यावरच्या बोर्डावर झळकलं. हिला एक रुपया नाही. आता ती निम्मे पैसे आधी घेते. घरात यावर चर्चा झाली, "मुलगी फार व्यवहारी झाली." माझंही तेच मत होतं.

आता माझी गोष्ट. २०२५ मध्ये २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाचं पोस्टर आमच्या कमिटीने माझ्या गळ्यात टाकलं. मी लगेच ताईला फोन लावला, "एक पोस्टर करून दे ना, दोन मिनिटांचं तर काम आहे." तिने विचारलं, कुठे लावणार, किती लांबून वाचणार, मजकूर काय, कधी हवं? आणि शेवटी, "आठशे रुपये होतील." मला रागच आला. घरच्या माणसाकडून पैसे? म्हटलं, मीच करतो. फोटोशॉप येतं की आपल्याला!

केलं. मोठा फ्लेक्स छापला आणि होस्टेलच्या गेटवर टांगला. सकाळी मेसचे मामा खाली उभे राहून मोठ्याने वाचत होते, "मराठी भाषा गौरव... दनि? हे दनि काय असतं रे?" 'दिन'ची वेलांटी 'द' सोडून 'न'वर जाऊन बसली होती. 'विद्यार्थी'चा रफार गायब आणि मध्ये पाय मोडलेली अक्षरं. मराठीच्या दिवशी मराठीचेच हातपाय मोडून मी ते गेटवर टांगले होते. वाईट याचं वाटलं, की रात्री मी ते चारदा तपासलं होतं आणि मला त्यात काहीच चुकलेलं दिसलं नव्हतं.

फोटो ताईला पाठवला. आमच्या लॅबमधल्या जुन्या फोटोशॉपमध्ये देवनागरीसाठी वेगळं सेटिंग करावं लागतं, ते तिने फोनवर सांगितलं. खरोखर दोनच मिनिटं लागली! पण ती चूक दिसायला डोळा लागतो, आणि तो तिने वर्षभर अक्षरं गिरवून कमावला होता. विंडोजवर आपण वर्षानुवर्षं मराठी वाचली तो 'मंगल' फाँट र. कृ. जोशींनी घडवला. २०१० मध्ये केंद्र सरकारने स्वीकारलेलं रुपयाचं चिन्ह आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात संशोधन करणाऱ्या डी. उदय कुमार यांचं. त्यातली वरची रेघ म्हणजे आपली शिरोरेषा. ही कामं कोणी 'जाता जाता' केलेली नाहीत.

कोणी म्हणेल, शिकणाऱ्या मुलांनी पैसे कशाला मागावेत? अनुभव मिळतोय, पोर्टफोलिओत काम दिसतंय, पुरे की! मग उद्या एखादी कंपनी आपल्याला म्हणाली, "सहा महिने फुकट कोडिंग कर, अनुभव मिळेल," तर आपण होस्टेलवर येऊन किती शिव्या घालू? आमच्या कार्यक्रमात फ्लेक्सवाल्याला पैसे मिळाले, मांडववाल्याला मिळाले, चहावाल्याला मिळाले. मग विचार करणाऱ्यालाच 'सहकार्याबद्दल आभार' का? ताई रक्तदान शिबिराचं पोस्टर फुकट करते. फुकट कुठे करायचं, हे तिने ठरवायचं, आपण नाही.

म्हणून वाङ्मय मंडळ, गॅदरिंग आणि टेक फेस्टच्या कमिट्यांना माझं सांगणं आहे. बजेटमध्ये डिझाइनसाठी एक ओळ ठेवा, पाचशेची का होईना. मजकूर, माप आणि तारीख लेखी द्या. सॅम्पल मागवून गायब होऊ नका. आणि पोस्टरच्या कोपऱ्यात करणाऱ्याचं नाव येऊ द्या. आपल्याकडच्या सरांनाही विनंती, सही करताना तेवढी ओळ बघा.

असो. पुढच्या फेब्रुवारीचं पोस्टर ताई करणार आहे. आठशे रुपये ठरलेत, निम्मे आधी. घासाघीस मी केली नाही. फक्त एक अट घातली, छापण्याआधी ते मेसच्या मामांना दाखवायचं!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी