पीएच.डी.चा दरवाजा रुंद झाला, पण आतला खर्च कोण करणार?

नेटचा निकाल लागला की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुबारकबादचे मेसेज सुरू होतात. अमक्यांच्या लेकीने नेट काढली, तमक्यांचा मुलगा पास झाला. आनंदाची बातमी आहेच. पण आता मुबारकबाद देताना सोबत एक प्रश्नही विचारावा लागतो. कुठल्या कॅटेगरीत?

कारण जून २०२४च्या परीक्षेपासून नेटचा निकाल तीन थरांत लागतो. पहिल्या थरातल्या उमेदवाराला जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळते, असिस्टंट प्रोफेसर होण्याची पात्रता मिळते आणि पीएच.डी.चा दरवाजाही उघडतो. दुसऱ्या थरात फेलोशिप नाही. प्राध्यापकीची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेशाची संधी मिळते. तिसरा थर नवा आहे: फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र. नोकरीची पात्रता नाही, फेलोशिप तर नाहीच. घरच्यांना मात्र तिन्ही ठिकाणी एकच शब्द ऐकू येतो, ‘क्वालिफाईड’. इथेच गफलत होते.

यूजीसीने मार्च २०२४ मध्ये हा निर्णय जाहीर केला तेव्हा कारण चांगलं दिलं होतं. विद्यार्थ्याने दहा विद्यापीठांच्या दहा परीक्षा का द्याव्यात? एकच परीक्षा द्यावी आणि तिचा गुण सगळीकडे चालावा. मालेगाव किंवा उदगीरच्या मुलीला प्रत्येक परीक्षेसाठी अब्बांना सोबत घेऊन रात्रीची एसटी पकडावी लागते, तिच्यासाठी ही खरोखर सोय आहे. विद्यापीठांना स्वतःची ‘पेट’ परीक्षा घ्यायची मुभा अजून आहे, त्यामुळे ज्या विद्यापीठात जायचं त्याची सूचना वाचल्याशिवाय काहीच गृहीत धरू नये.

दुसऱ्या आणि तिसऱ्या थरातल्यांना मात्र दोन अटी आहेत. प्रवेशाच्या यादीत नेटच्या पर्सेंटाईलला ७० टक्के वजन आणि मुलाखतीला ३० टक्के. आणि हा गुण फक्त एक वर्ष चालतो. आपल्या राज्यातल्या विद्यापीठांचं वेळापत्रक ज्यांना माहीत आहे त्यांना या एका वर्षाचा अर्थ लगेच कळेल. गाईडकडे जागा रिकामी आहे का, संशोधन केंद्राची यादी कधी लागणार, मुलाखत कधी, याची वाट बघण्यात वर्ष कसं जातं ते कळत नाही. वर्ष सरलं की परत परीक्षा. म्हणून नेटचा फॉर्म भरतानाच गाईड शोधायला सुरुवात करावी, निकालाची वाट पाहू नये.

एकाच परीक्षेवर सगळं टांगलं की काय होतं तेही पहिल्याच फेरीत दिसलं. १८ जून २०२४ ला नऊ लाखांहून जास्त मुलांनी पेपर दिला आणि दुसऱ्या दिवशी सरकारने परीक्षाच रद्द केली. फेरपरीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाली. पुढे सीबीआयच्या तपासात निघालं की पेपरफुटीचा म्हणून फिरलेला स्क्रीनशॉटच बनावट होता. मुलांचे महिने गेले ते गेलेच.

आता पैशाची गोष्ट. जेआरएफवाल्याला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. केंद्रीय विद्यापीठात नेटशिवायच्या संशोधकाला ८,००० मिळतात. मुंबई, पुणे, नांदेड ही राज्य विद्यापीठं आहेत, तिथे हे ८,००० लागू नाहीत. आणि पीएच.डी. म्हणजे किमान तीन वर्षं.

ही पोकळी भरायला २००९ पासून मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप होती. मुस्लिमांसह सर्व अल्पसंख्याक समाजांतल्या एम.फिल., पीएच.डी.च्या मुलांसाठी. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं की इतर योजनांशी ती मिळतीजुळती असल्याने २०२२-२३ पासून बंद. २०१४-१५ ते २०२१-२२ या काळात ६,७२२ जणांची निवड झाली होती, असं सरकारच्याच उत्तरात होतं. एवढ्या मोठ्या देशात हा आकडा काही फार नव्हता. इतर योजना आहेत हे खरं, पण त्या बहुतेक जातीच्या प्रवर्गावर चालतात. जो मुसलमान ओबीसीत नाही, त्याच्यासाठी मिळतीजुळती योजना कुठली, याचं उत्तर त्या खुलाशात सापडत नाही. २०२०-२१ च्या सरकारी सर्वेक्षणात उच्च शिक्षणातला मुस्लिम विद्यार्थ्यांचा वाटा ४.६ टक्के होता. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला वाटा १४.२ टक्के. पीएच.डी.च्या पायरीवर पोचणारे त्यातलेही थोडे, आणि नेमकी त्याच पायरीवरची मदत काढून घेतली गेली.

जे ओबीसीत आहेत त्यांनी मात्र हात बांधून बसू नये. महाज्योती ही राज्य सरकारची संस्था ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या पीएच.डी. करणाऱ्यांना फेलोशिप देते. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन अशा राज्याच्या यादीतल्या बिरादरींची मुलंही त्यात बसतात. ‘महाज्योती आपल्यासाठी नाही’ हा समज मोहल्ल्यात पक्का आहे आणि तो साफ चुकीचा आहे.

नेटच्या फॉर्ममध्ये मात्र केंद्राची ओबीसी यादी चालते, राज्याची नाही. बिरादरी दोन्ही यादीत आहे का ते आधी तपासा. असेल तर जेआरएफच्या ३० वर्षांच्या मर्यादेत पाच वर्षांची सूट मिळते. ही सूट मुलींना तर कुठल्याही प्रवर्गात मिळते. एम.ए. करून, निकाह होऊन, मूल शाळेत जायला लागल्यावर पुन्हा पुस्तक उघडणाऱ्या आपा आपल्याकडे कमी नाहीत. ३५ पर्यंत फेलोशिपची संधी आहे आणि नुसत्या पीएच.डी.साठी वयाची अटच नाही. २०२२ च्या नियमांत प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही आहे, आणि महिलांना प्रबंध पूर्ण करायला जादा मुदतही.

भाषेचा अडथळा मात्र तसाच आहे. भाषा विषय सोडले तर नेटचा पेपर इंग्रजी किंवा हिंदीत. मराठी किंवा उर्दू माध्यमातून इतिहास, समाजशास्त्र शिकलेल्या मुलाला विषय येतो, पण प्रश्न समजायलाच वेळ जातो. निगेटिव्ह मार्किंग नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा.

बारावी झालेल्या मुलांच्या पालकांसाठी चार वर्षांच्या डिग्रीचा मुद्दा आहे. तीन अधिक दोन किंवा चार अधिक एक, एम.ए.पर्यंत वर्षं पाचच लागतात. चार वर्षांच्या डिग्रीत ७५ टक्के असतील तर एम.ए. न करताही पीएच.डी.ला अर्ज करता येतो. एम.ए.साठी दुसऱ्या शहरात पाठवायला घर तयार नसेल, तर गावच्याच कॉलेजात चौथं वर्ष मिळणं मुलीसाठी मोठी गोष्ट ठरू शकते. त्या कॉलेजात चौथं वर्ष खरंच चालतं का, संशोधनाची सोय आहे का, हे पहिल्या वर्षाच्या प्रवेशालाच विचारावं. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी विचारून उपयोग नाही.

कागदपत्रांचं काम सेतू केंद्रात आजच सुरू करता येतं. ओबीसी असाल तर जातीचा दाखला, वैधता आणि नॉन-क्रीमी लेयर, केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढून. खुल्या प्रवर्गात असाल आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएसचा दाखला, त्यावर पीएच.डी. पात्रतेच्या ५५ टक्क्यांत पाच टक्के सूट मिळते. लग्न झालेल्या मुलीचा जातीचा दाखला वडिलांकडूनच निघतो, आणि निकाहनंतर नाव बदललं असेल तर गॅझेटची प्रतही सोबत ठेवावी.