नदीच्या पात्राचे प्लॉट पडतात तेव्हा

आपल्या बैठकांत कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी, कर्ज आणि वीज यांवर बोलणे होते. या वेळी अहमदाबाद महानगरपालिकेवर लिहितो आहे. कोणी म्हणेल, त्या शहराच्या नगरसेवकांशी आपले काय देणेघेणे? आहे. जमिनीला भाव कशाने येतो आणि धरणाचे पाणी कोणाच्या दारात थांबते, या दोन्ही गोष्टी तिथे एकाच जागी उघड्या दिसतात.

साबरमती तशी आपल्याच नद्यांसारखी. पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून वाहायची, पाऊस सरला की वाळू उघडी पडायची. त्या वाळूत उन्हाळ्यात लोक भाजीपाल्याच्या वाड्या करत, धोबी कपडे वाळवत, काठावर रविवारी गुजरी बाजार भरे. गिरण्यांच्या त्या शहरात मजुरी करायला आलेल्यांच्या झोपड्याही काठालाच होत्या. १९९७ साली महानगरपालिकेने स्वतःच्या मालकीची एक कंपनी काढली आणि नदीकाठाच्या विकासाचे काम तिच्याकडे सोपवले. पात्राची रुंदी जागोजाग कमीजास्त होती, ती सरसकट २६३ मीटर ठरवली. सुमारे ११ किलोमीटरपर्यंत दोन्ही बाजूंनी भिंती बांधल्या, भिंतीमागे भराव टाकला. त्यातून निघाली सुमारे २०० हेक्टर, म्हणजे पाचशे एकर नवी जमीन.

ही जमीन कोणाच्या बापजाद्याने नांगरली नव्हती. नकाशावर ती नदी होती. ठराव झाला, भराव पडला आणि राज्यातल्या मोठ्या शहराच्या ऐन मध्यावर तिचे मोजमाप झाले. तिथून दहा हजारांवर कुटुंबे उठवली गेली आणि बरीचशी शहराच्या कडेला नेऊन वसवली. न्यायाने बोलायचे तर बहुतेक जागा रस्ते, बागा आणि फिरायच्या वाटांना गेली. विक्रीला ठेवलेला भाग सातव्या हिश्शाच्या आसपास. नदीत थेट पडणारी गटारे अडवून वळवली, तेही चांगले झाले. संध्याकाळी हजारो माणसे तिथे हवा खातात, त्यांच्यावर माझा राग नाही. शहरे वाढणारच. आपलीच पोरे तिथे जाणार आहेत.

पण आता शहराच्या हद्दीला लागून ज्याचे वावर आहे त्याच्याकडे पाहा. विकास आराखड्यात त्याचा गट हिरव्या रंगात पडला की भाव ज्वारीच्या पिकाचा. मुलीच्या लग्नाला किंवा सोसायटीच्या थकबाकीपायी तो त्याच भावाने विकतो. घेणाऱ्याचे नगरपालिकेत बसणे-उठणे असते. चार वर्षांनी सभेत फेरबदलाचा ठराव येतो, हिरवा रंग पिवळा होतो आणि भाव कुठल्या कुठे जातो. मातीत काही फरक पडलेला नसतो. मी शेतकी शास्त्र शिकलो. मातीचा सामू, खोली, निचरा यांवरून जमिनीची प्रत ठरते असे आम्हाला शिकवले. रंगाच्या पेन्सिलीबद्दल कोणी अवाक्षर काढले नव्हते.

आता पाण्याचे. भिंती बांधून झाल्या तरी साबरमतीत बारा महिने पाणी कुठून येणार? वरच्या धरोई धरणाने ते अगोदरच अडवलेले. मग नर्मदेच्या मुख्य कालव्यातून पाणी सोडायचे आणि खाली वासणा बंधाऱ्याशी अडवून धरायचे, असे ठरले. नर्मदेचे हे धरण मागताना नाव कोणाचे घेतले होते? कच्छ-सौराष्ट्रातल्या तहानलेल्या शेतकऱ्याचे. सुमारे १८ लाख हेक्टर भिजवायचे वचन होते. त्या धरणापायी आपल्या आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बुडिताखाली आली. धरण हवे की नको यावर आपल्यातही वाद झडले. शहराच्या मध्यावर तलाव भरून ठेवायला धरण हवे, असे मात्र तेव्हा कोणी म्हटले नव्हते.

साधा हिशेब करू. ११ किलोमीटर लांब आणि २६३ मीटर रुंद पात्रात एक मीटर पाणी उभे करायला सुमारे २९ लाख घनमीटर पाणी लागते. बोंडे भरताना कापसाला किंवा पोटरीवर आलेल्या ज्वारीला सहा सेंटिमीटरची एक पाळी द्यायची तर हेक्टरी ६०० घनमीटर पुरते. म्हणजे त्या एक मीटर पाण्यात जवळजवळ ४,८०० हेक्टरांना एक संरक्षित ओलित झाले असते, अर्थात वाटेतली गळती सोडून. कोरडवाहूत अशा एका पाळीने काय होते ते तुम्हाला सांगायला नको. शिवाय हे पाणी एकदा भरले की संपले असे नाही. उघड्या पाण्याची वर्षाला दीड मीटर जरी वाफ धरली तरी ४० लाख घनमीटरांवर पाणी नुसते आभाळात जाते. तेवढे पुन्हा भरायचे.

१२ डिसेंबर २०१७ ला याच पाण्यावरून पंतप्रधानांनी पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून धरोईपर्यंत प्रवास केला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २०१८ च्या सुरुवातीला, गुजरात सरकारने शेतकऱ्यांना कळवले की नर्मदेत पाणी कमी आहे, १५ मार्चनंतर सिंचनाला मिळणार नाही, उन्हाळी पीक घेऊ नका. आणि वासण्याच्या खाली काय? तिथे साबरमतीत वाहतो तो शहराचा मैला आणि कारखान्यांचे सांडपाणी. २०२१ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने आपण होऊन त्याची दखल घेतली. खालच्या गावांची शेती त्याच पाण्यावर.

हे सारे गुजरातेत आहे म्हणून सोडून देता येत नाही. पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाचे काम २०२२ मध्ये सुरू झाले, आराखडा करणारी संस्थाही अहमदाबादचीच. आपल्याकडे पूररेषा दोन: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून येणाऱ्याची लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधे बंधने. ज्याने कोणी नाल्याला लागून धुरा उंच केला आहे त्याला पुढचे कळेल. पाणी कमी होत नाही, शेजाऱ्याच्या वावरात चढते. शहर मात्र भिंत बांधते आणि कागदावर रेषा नदीकडे सरकवून मागे जमीन मोकळी झाली असे म्हणू लागते. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांना बोटींतून काढावे लागले. नदीने नकाशा पाहिला नव्हता.

अकोल्याला मोर्णा आहे, चंद्रपूरला इरई, नांदेडला गोदावरी. प्रत्येक जिल्ह्याच्या गावी नदीकाठ सुशोभित करण्याची भाषा होते, आणि हद्दवाढीत आपली गावे शहरात ओढली जातात. आराखड्याचा किंवा फेरबदलाचा मसुदा निघाला की हरकतींसाठी जाहीर सूचना द्यावीच लागते. ती वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत येते आणि मुदत सरते तेव्हा आपण वेचणीत गुंतलेले असतो. त्या हरकतीत तीन गोष्टी विचारायच्या. पूररेषा कोणी, कोणत्या वर्षी आखली? रंग बदलायच्या आधीच्या पाच वर्षांत त्या गटांचे फेरफार कोणाच्या नावे झाले? काठाला बारमाही पाणी दाखवले असेल तर ते कोणत्या प्रकल्पाच्या सिंचनाच्या कोट्यातून? ज्यांच्या जमिनीवर आरक्षण पडून दहा वर्षे झाली आणि संपादन झाले नाही, त्यांनी नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली खरेदीची नोटीस द्यावी. २४ महिन्यांत पालिकेने पाऊल उचलले नाही तर आरक्षण उठते.

पुढच्या जिल्हा बैठकीला हद्दीलगतच्या प्रत्येक गावाने आपल्या शहराच्या चालू आराखड्याची प्रत आणि नदीकाठच्या गटांचे सातबारे घेऊन यावे. नकाशा जमिनीवर पसरून बसू.