झॅक : इयर डाउन होऊन टॉपर!

आमच्या विंगमधला ठरलेला वाद : झहीर खान ग्रेट की नुसता चांगला? माझ्या मते श्रीरामपूरच्या या लेफ्टीचं डेब्यू २००० चं असलं, तरी खरं करिअर सुरू झालं २००६ मध्ये, टीमबाहेर गेल्यावर. आपल्या भाषेत, इयर डाउन! रडत न बसता गडी वूस्टरशायरला गेला, एका सीझनमध्ये ७८ विकेट्स काढून आला. स्पीडचा हट्ट सोडला, डोकं वापरायला लागला. २००७ ला ट्रेंट ब्रिजवर इंग्लंडवाल्यांनी क्रीजवर जेली बीन्स टाकले; पुढच्याच इनिंगमध्ये याने पाच जण घरी पाठवले, आणि सिरीज आपली.

लोक मात्र २००३ च्या फायनलची ती १५ रन्सची पहिली ओव्हरच उगाळतात. २०११ च्या फायनलचा पहिला स्पेल का नाही आठवत? पाच ओव्हर, तीन मेडन, सहा रन्स, एक विकेट! (नंतर धुतला, मान्य.)

९२ टेस्टमध्ये ३११ विकेट्स. ॲव्हरेज बघून नाक मुरडणाऱ्यांनी आपल्या पाटा पिचवर जुना बॉल रिव्हर्स करून दाखवावा. कपिल आणि बुमराहच्या मधला सगळ्यात मोठा फास्ट बॉलर झॅकच. श्रीनाथवाल्यांनी मेसमध्ये भेटावं.