पाणी चोरलं नाही, विकत घेतलं!

"आमच्या पाण्यावर दरोडा घातला" हे वाक्य पाण्याच्या प्रत्येक आंदोलनात ऐकू येतं. मीही बातम्यांत ते कितीदा लिहिलंय. पण गाव संपवायला दरोडाच लागतो असं नाही, कायदेशीर खरेदीखतही पुरतं. त्यासाठी अमेरिकेतल्या ओवेन्स खोऱ्याचा इतिहास जरूर वाचा.

कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा डोंगरांच्या पूर्वेला हे वाळवंटी खोरं आहे. पाऊस वर्षाला जेमतेम पाच-सहा इंच. पण डोंगरावरचं बर्फ वितळायचं आणि नदी वाहायची. मूळचे पायूट लोक पाट खोदून रानकंदांना पाणी द्यायचे. १८६१ पासून गोरे पशुपालक आणि शेतकरी आले. १८६३ मध्ये लष्कराने सुमारे नऊशे पायूटांना खोऱ्याबाहेर नेलं. बरेच जण परत आले, पण आपल्याच जमिनीवर मजूर म्हणून. म्हणजे पहिलं पाणी गेलं ते त्यांचं. हे आधी सांगायलाच हवं.

पुढे बिशप, बिग पाइन, लोन पाइन अशी छोटी गावं वसली. शेतकऱ्यांनी भागीदारीत कालवे काढले. १९१० मध्ये मांझानार नावाची फळबागांची वस्ती उभी राहिली. स्पॅनिशमध्ये मांझानार म्हणजे सफरचंदाची बाग.

इकडे लॉस एंजेलिस शहर तहानलेलं होतं. १९०५ मध्ये शहराचे माजी महापौर फ्रेड ईटन खोऱ्यात जमिनी घेत फिरले. लोकांना वाटलं, सरकारी सिंचन योजना येतेय, तिच्यासाठी असेल. योजना आलीच नाही. १९१३ मध्ये सुमारे ३७५ किलोमीटरचा जलवाहक कालवा मात्र सुरू झाला आणि नदी शहराकडे वळली.

खरी मेख १९२० च्या दशकात आहे. दुष्काळ पडला आणि शहराने जमिनींसोबत कालव्यांचे हिस्से घ्यायचा सपाटा लावला. भावही बरा दिला. आता हिशेब बघा. कालवा दहा जणांचा. सहा जणांनी विकलं, तर उरलेल्या चौघांनी गाळ कसा काढायचा, दुरुस्ती कशी करायची? ज्याला विकायचं नव्हतं त्यालाही विकावं लागलं. शेतकरी गेला की दुकानदाराचं गिऱ्हाईक गेलं, आणि दुकानदाराला तर कुणी मोबदलाही देईना. चिडलेल्या लोकांनी १९२४ मध्ये कालवा सुरुंगाने उडवला, अलाबामा दरवाजे ताब्यात घेऊन पाणी सोडून दिलं. १९२७ मध्ये आंदोलनाचे पुढारी असलेल्या वॉटरसन बंधूंच्या बँका अफरातफरीत बुडाल्या. सोबत लोकांच्या ठेवी गेल्या आणि लढाही गेला.

मांझानार ओस पडलं. १९४२ मध्ये तिथेच जपानी वंशाच्या दहा हजारांहून अधिक लोकांना काटेरी तारांआड डांबलं गेलं. नदी ज्यात जायची ते ओवेन्स सरोवर कोरडं पडलं. तिथली धूळ दाबायला शहराला पुढे अब्जावधी डॉलर खर्चावे लागले.

शहराला पाणी नको का? हवंच. लाखो लोक त्यावर जगतात. पण सातबारा एकट्याचा असला तरी पाणी एकट्याचं नसतं. सौदा सुटासुटा झाला की प्रत्येक विकणारा फायद्यात दिसतो आणि गाव तोट्यात जातं. म्हणून पाण्याचा व्यवहार अख्ख्या गावाने, उघडपणे, ग्रामसभेत बसून करावा. भूमिहीन मजूर आणि दुकानदारालाही तिथे बोलू द्यावं.

तुमच्याकडे सध्या जमिनी विचारत कोण फिरतंय? आणि कुणासाठी? विचारून बघा. ओवेन्सवाल्यांनी विचारलं, पण फार उशिरा.