तंजावरची मराठी आणि आपली

गेल्या हिवाळ्यात आमच्या नेऱ्याच्या महिला मंडळाच्या बारा जणी तंजावरला जाऊन आलो. बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास चक्क मराठीत कोरलाय, १८०३ सालचा! शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे सतराव्या शतकात तिथे गादीवर बसले. पुढे सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, देवनागरी छापखानाही काढला. १८५५ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं, पण माणसं तिथेच राहिली.

एका मराठी घरी कॉफीला गेलो. आजी अगदी जुन्या वळणाचं मराठी बोलल्या, मध्ये मध्ये तमिळ शब्द. नात सगळं समजून घेत होती. मराठी पुस्तक पुढे केलं, तर म्हणाली, अक्षरं येत नाहीत. शाळा तमिळ आणि इंग्रजी, तिचा काय दोष? ग्रंथालयात हजारो मराठी हस्तलिखितं आणि घरात ती वाचणारं कुणी नाही!

हे आपल्याच नशिबी आहे असं नाही. अमेरिकेत आयोवा राज्यात डेकोरा नावाचं छोटंसं कॉलेजचं गाव आहे, नॉर्वेहून गेलेले पुष्कळ लोक तिथे स्थायिक झाले. तिथून १८७४ पासून नॉर्वेच्या भाषेत वर्तमानपत्र निघायचं, ते १९७२ ला बंद पडलं. पण १९६७ साली सुरू झालेला उत्सव, पारंपरिक पोशाख, पदार्थ हे सगळं टिकलं. म्हणजे सण आणि स्वयंपाक राहतो, वाचणं आधी जातं.

ही माणसं परमुलखात होती. आपण तर आपल्याच गावात आहोत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय निघाला, केवढा गदारोळ झाला, आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. ते बरंच झालं. पण त्या सगळ्या भांडणात, आपल्या पोराला मराठीचं एक पान सलग वाचता येतं का, हे किती घरांत विचारलं गेलं?

हिंजवडी शेजारी आल्यापासून आमच्याकडे जमिनी विकून पैसा आला, दारात पिवळी स्कूलबस आली. इंग्रजी शाळा नको असं मी म्हणणार नाही, पोटाचा प्रश्न आहे. पण गंमत बघा, बांधकामावर आलेल्या परप्रांतीय बायकांची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत बसून घडाघडा मराठी वाचतात. आणि ज्यांच्या पणज्यांनी जात्यावर ओव्या गायल्या, ती आपली मुलं अडखळतात.

त्यांचं कौतुकच आहे. म्हणून आम्ही दर शनिवारी समाजमंदिरात दोन्हीकडची मुलं एकत्र बसवतो. एक पेटी पुस्तकं, तासभर मोठ्यानं वाचन. खर्च काही नाही. तुमच्या गावात एवढं तरी करून बघा.