गेमवाल्यांशी कोण बोलणार?

"म्हातारे झालेले गेमवाले जुन्या आठवणी काढतात आणि ते तू तासन् तास ऐकतोस?" हा प्रश्न घरातून इतक्यांदा आलाय की एकदाचं लिहूनच टाकतो. वाचा आणि मग भांडा.

मी ऐकतो तो कार्यक्रम म्हणजे 'मॅट चॅट'. मॅट बार्टन हा अमेरिकेतला इंग्रजीचा प्राध्यापक. 2009 पासून तो यूट्यूबवर जुन्या रोल-प्लेइंग आणि अ‍ॅडव्हेंचर गेम बनवणाऱ्यांना गाठून बोलतं करत आलाय. दिखाऊपणा शून्य. पण समोर 'वेस्टलँड'वाला ब्रायन फार्गो, 'फॉलआउट'वाला टिम केन, अशी माणसं!

यात काय एवढं? तर ऐका. 'फॉलआउट' आला 1997 मध्ये. टिम केन सांगतो की कंपनी सोडताना त्याला स्वतःकडचं सगळं साहित्य नष्ट करायला लावलं. मूळ कोड गेलाच, असं लोक धरून चालले होते. 2025 मध्ये कळलं की रेबेका हाइनमन यांनी त्याची प्रत जपून ठेवली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या वारल्या. कंपनीच्या कपाटात काय उरेल याचा भरवसा नाही. जे उरतं ते माणसांकडे, आणि माणसं काही थांबत नाहीत.

आता आपल्याकडे या. 1999 मध्ये विशाल गोंडल यांनी मुंबईत 'इंडियागेम्स' काढली. बटणांच्या मोबाईलवरचे तिचे गेम आपण लोकलमध्ये विरार येईपर्यंत खेळलोय. पुढे कंपनी यूटीव्हीकडे गेली, मग डिस्नेकडे. ते हँडसेट आता भंगारात. तो एवढासा पडदा, एवढीशी मेमरी, त्यात गेम कोंबायचा कसा, हे त्या पोरापोरींना कुणी नीट बसून विचारलंय? गुंतवणूक किती आली ते मात्र पेपरवाले न चुकता विचारतात!

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स'नं 2020 मध्ये 'राजी' आणला. त्याआधी 2017 मध्ये किकस्टार्टरवर त्यांना पैसे जमले नव्हते. मधली तीन वर्षं कशी काढली, काय कापलं, काय फेकलं, हे मराठीत कुणी विचारेल? आपण फक्त "बघा, भारतीय गेम!" म्हणून छाती फुगवणार. (छाती फुगवायला कोड लागत नाही.)

"खेळच तर आहे" म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो : आपल्या गिरीजमध्ये कुणी म्हातारी लग्नातली जुनी गाणी म्हणायला लागली की तुम्हीच मोबाईल पुढे धरता ना? तेही कुणाच्या अभ्यासक्रमात नाही. 1739 च्या वसईच्या वेढ्याची पत्रं आज वाचता येतात, कारण कुणीतरी दप्तरं सांभाळली. वीस वर्षांपूर्वीचा मोबाईल गेम मात्र चालवायला मिळत नाही.

कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे. पुण्यामुंबईत गेममध्ये काम केलेलं कुणी तुमच्या नात्यात, ओळखीत असेल तर कळवा. प्रश्न मी काढून ठेवलेत, रविवारी मी मोकळा असतो, आणि वसई स्टेशनवर घ्यायलाही येईन.