जुन्या धनुष्याची परीक्षा

जुन्या वस्तूंचा मला नाद आहे. कुणी टाकून दिलेले घड्याळ, कुणी वैतागून विकलेली सायकल, भाता फाटलेली पेटी, अशा वस्तू आमच्या घरी आपल्या पायांनी चालत येतात. घरची मंडळी त्या सर्वांना मिळून एकच नाव देतात: भंगार! पण गेली दोन वर्षे या भंगारात एक नवा पाहुणा येऊ लागला आहे आणि त्याच्यापुढे मात्र मी थट्टामस्करी विसरतो. हा पाहुणा म्हणजे वापरलेले कंपाउंड धनुष्य.

त्याला कारणही तसेच आहे. २०२३ साली बर्लिनला आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत पहिला आला. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ओजसने तीन सुवर्णपदके मिळवली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा ठेवली आहे. एवढे ऐकून गावोगावच्या पोरांचे हात शिवशिवले नाहीत तरच नवल. पण स्पर्धेच्या तोडीचे नवे धनुष्य लाखाच्या पुढे जाते. मग जुने शोधायचे आणि तपासायला कुणा काकाकडे आणायचे!

हे धनुष्य अर्जुनाच्या चित्रातल्यासारखे दिसत नाही. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन नावाच्या गृहस्थाने त्याच्या टोकांना चाके बसवली. १९६६ साली पेटंटासाठी अर्ज केला आणि १९६९ साली ते मिळवले. या चाकांना कॅम म्हणतात. त्यांचा आस मधोमध नसतो. त्यामुळे दोरी ओढताना आधी ताण वाढतो आणि शेवटी एकदम उतरतो. ५० पौंडांचे धनुष्य असेल आणि सूट ८० टक्के असेल, तर पूर्ण ओढल्यावर हातावर १० पौंडच उरतात. नेमबाज निवांत नेम धरतो. पण ओढताना खर्च केलेली ताकद गेली कुठे? ती पात्यांत दबा धरून बसलेली असते. जुन्या धनुष्याची सारी परीक्षा या एका वाक्यात आहे.

या उन्हाळ्यात पलीकडच्या आळीतले एक दूधवाले मुलीसाठी असे धनुष्य घेऊन आले. विकणाऱ्याने ते दोन दिवस पाहायला दिले होते. वर्षभर बाजूला टाकलेला पैसा त्यात जायचा होता. रंग झकास, चाके लखलखीत.

"काका, एकदा ओढून बघू?" मुलीने विचारले.

"बाळ, आधी कापूस आण," मी म्हटले.

कापसाचा बोळा मी पात्यांच्या कडांवरून हलकेच फिरवला. खालच्या पात्याच्या आतल्या कडेला त्याचे तंतू अडकले. भिंग लावून पाहिले, तर रंगाखाली केसाएवढी चीर!

"एवढ्याशा चिरेनं काय होतंय, मास्तर?" दूधवाले म्हणाले.

"पाते फुटले तर त्याचा तुकडा पोरीच्या तोंडाशी येईल," मी म्हटले. मग ते काही बोलले नाहीत.

अशी चीर पडण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे बाण न लावता दोरी सोडणे. बाण असला की ताकद त्याच्याबरोबर निघून जाते. नसला की ती धनुष्याच्याच अंगावर उलटते. फार हलका बाणही तोच घात करतो. विकणाऱ्याने किंमत उतरवली, उरलेल्या पैशांत पात्यांची नवी जोडी आली, दोरी आणि केबलही नव्या आल्या. हे काम बो-प्रेसमध्ये धनुष्य दाबूनच करायचे. घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन करू नये. मुलीच्या हाताच्या मापाला धनुष्याची ओढ जुळते की नाही, तेही पाहून घेतले. माप चुकले तर ५० मीटरवरचे ८ सेंटिमीटरचे दहा गुणांचे वर्तुळ जन्मात सापडायचे नाही.

पुढची देखभाल मात्र ज्याची त्यानेच करायची. दोरी रखरखीत दिसू लागली की मेण लावून बोटाने चोळावे. गुंडाळलेल्या दोऱ्याच्या भागाला लावू नये. एक तंतू जरी तुटला तरी दोरी बदलावी. चाकांच्या कडांना खाचा पडल्या आहेत का, ते बोट फिरवून पाहावे. ताण कमीजास्त करताना दोन्हीकडचे बोल्ट सारखेच फेरे फिरवावेत, आणि कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ नये. कार्बनचा बाण रोज हलकेच वाकवून ऐकावा. कुरकुरला तर मोडून टाकावा. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत धनुष्य ठेवू नये. बंदुकीसारखा दस्ता असलेल्या कंपाउंड क्रॉसबोलाही हेच नियम. त्याची पाती आखूड आणि ताण पुष्कळदा दीडशे पौंडांच्या पुढे, म्हणून तिथे डोळ्यांत अधिकच तेल घालावे.

नुकतीच खंडेनवमी झाली. कुठे कोयता, कुठे शिवणयंत्र, कुठे मोटारसायकल पुजली गेली; दोनचार घरांत धनुष्येही पाटावर बसली असतील. हळदकुंकू जरूर वाहावे. पण हत्याराची खरी पूजा वर्षातून एकदा होत नाही. रोज दोरी ओढण्यापूर्वी दोन मिनिटे त्याच्यावरून नजर फिरवणे हीच ती पूजा. नैवेद्याला मेणाची एक कांडी पुरते.